पायरेट्सचा हंगाम मैदानात बसून: पिट्सबर्गकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मेजर लीग बेसबॉलमध्ये एका संघाचे हंगामात 162 सामने होतात, त्यातले 81 घरच्या मैदानावर. मार्चअखेरीस सुरू झालेला हा गाडा सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज चालतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा आकडा आधी खरा वाटत नाही, आणि खरा वाटला की आळस येतो. रोजच सामना आहे तर आजच कशाला जायचं? पिट्सबर्गला शिकायला किंवा नोकरीला आलेले कितीतरी मराठी लोक याच विचारात काही वर्षं काढतात, आणि शहर सोडण्याआधी एकदा फटाक्यांच्या रात्री पीएनसी पार्कात, म्हणजे पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाच्या मैदानात, जाऊन फोटो काढून येतात.

त्यात वाईट काही नाही. पण या खेळाची खरी चव एका सामन्यात लागत नाही. एप्रिलमध्ये तीनदा आऊट होऊन मान खाली घालून परतणारा नवखा बॅटर ऑगस्टमध्ये तोच चेंडू शांतपणे सोडून देतो, आणि हे तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही दोन्ही वेळा तिथं असता. त्यासाठी 81 सामने पाहायची अजिबात गरज नाही. महिन्याला दोन ते तीन, नीट निवडलेले, एवढं पुरतं. ते निवडायचे कसे आणि मैदानात गेल्यावर करायचं काय, हे पुढे सांगतो. सगळे तपशील पिट्सबर्गचे आहेत, पण सामने निवडण्याचा आणि स्कोअरकार्डचा भाग कुठल्याही शहरात चालेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: संघ हरणार. पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकली 1979 साली. 1993 ते 2012 सलग वीस हंगाम त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. 2013 ते 2015 ही तीन वर्षं प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बादफेरीची, त्यानंतर पुन्हा दुष्काळ. 2025 मध्ये 71 जिंकले, 91 हरले. आणि हे फक्त आपल्याच संघाचं रडगाणं नव्हे. बेसबॉलमध्ये हंगामातला सर्वोत्तम संघसुद्धा साठेक सामने हरतो. भारत हरला की टीव्ही बंद करून जेवायला बसणाऱ्यांनी ही सवय पार्किंगमध्येच ठेवून यावी. निकालासाठी मैदानात जाणारा माणूस जून उजाडायच्या आत कंटाळतो.

वेळापत्रक हातात घेऊन बसा

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक आदल्या उन्हाळ्यातच जाहीर होतं. ते छापून घ्या आणि पेन्सिलीनं खुणा करा. संघ आठवडा-दहा दिवस घरी खेळतो, मग तितकेच दिवस बाहेर जातो. घरच्या मुक्कामात एकेका पाहुण्या संघाशी सहसा तीन सामन्यांची मालिका होते. संध्याकाळचे बहुतेक सामने 6:40 ला, रविवारचे दुपारी 1:35 ला. मालिकेचा शेवटचा सामना आठवड्याच्या मधल्या दिवशी आला, तर बऱ्याचदा तो दुपारी 12:35 ला असतो, कारण त्याच संध्याकाळी पाहुण्यांना पुढच्या गावी निघायचं असतं. या बुधवार-गुरुवारच्या दुपारी ऑफिसात अर्धी रजा टाकून नक्की साधाव्यात. गर्दी कमी, तिकीट स्वस्त, आणि शाळांच्या सहली असल्या तर पोरांचा आरडाओरडा फुकट.

2023 पासून प्रत्येक संघ बाकीच्या 29 ही संघांशी दर हंगामात खेळतो. याचा व्यवहारातला अर्थ असा: मेजर लीगचे दोन भाग आहेत, त्यातल्या आपल्या भागातला, नॅशनल लीगमधला, प्रत्येक संघ, म्हणजे डॉजर्स आणि त्यांचा मोठा खेळाडू शोहेई ओतानीसुद्धा, वर्षातून एकदा तरी पिट्सबर्गला येतो. दुसऱ्या भागातले, अमेरिकन लीगमधले, बहुतेक संघ, उदाहरणार्थ यांकीज, एक वर्षाआड. त्यामुळे यांकीजना इथं पाहायचं असेल आणि यंदा ते येत असतील, तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. आपल्या गटातले कब्स, कार्डिनल्स, ब्रुअर्स आणि रेड्स मात्र वारंवार भेटतात. त्यांच्यासाठी धावपळ नको.

माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला असा की हंगामात एकदा तरी एक पूर्ण मालिका पाहा. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही सामने लागोपाठ. तेच बॅटर, पण रोज वेगळा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. मंगळवारी बाहेर जाणाऱ्या वळत्या चेंडूवर फसलेला माणूस गुरुवारी त्याच चेंडूची वाट पाहत उभा असतो. पिचरलाही ते माहीत असतं, म्हणून तो चेंडू टाकतच नाही. हे पाहिल्याशिवाय बेसबॉल संथ का वाटतो आणि तो खरं तर संथ का नाही, हे कळणं अवघड आहे.

होम ओपनर, म्हणजे घरचा पहिला सामना, ही शहराची जत्रा असते. एकदा अनुभवायला छान, पण तिकीट महाग, थंडी कडक आणि आजूबाजूच्या अर्ध्या लोकांचं सामन्याकडे लक्ष नसतं. शिकायला ती जागा नव्हे.

पिचरची पाळी मोजायला शिका

क्रिकेटमध्ये बुमराह खेळणार की नाही हा प्रश्न दुखापतीचा असतो. इथं तो दिनदर्शिकेचा आहे. सुरुवात करणारे पिचर पाच असतात आणि ते आळीपाळीनं येतात, म्हणजे एकाची पाळी पाचव्या किंवा सहाव्या दिवशी. मधले दिवस तो डगआऊटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, बसून बिया चघळतो. तुम्ही ज्याच्यासाठी तिकीट काढलं, तो त्या दिवशी नुसता टाळ्या वाजवताना दिसला तर चूक त्याची नाही.

पॉल स्कीन्सचंच उदाहरण घेऊ. 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पायरेट्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं, मे 2024 मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला, त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2025 मध्ये त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. त्या हंगामात त्याची सरासरी होती 1.97, म्हणजे नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यामागे दोन रनसुद्धा नाहीत. आणि त्याच्या नावावर विजय किती, पराभव किती? दहा आणि दहा. लीगमधला सर्वोत्तम पिचर, पण त्याच्या मागची बॅटिंग रन काढेल तेव्हा ना! पायरेट्सचा चाहता होणं म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत आलं.

अशा पिचरला गाठायचं तर पद्धत सोपी आहे. तो शेवटचा कधी खेळला ती तारीख पाहा आणि पाच दिवस मोजा. मध्ये संघाला सुट्टीचा दिवस असेल तर बहुतेक वेळा एक वाढवा. आलेली तारीख घरच्या मुक्कामात पडते का ते बघा. मग दोन-तीन दिवस आधी मेजर लीगच्या संकेतस्थळावर संभाव्य पिचरांची यादी लागते, तिथं नाव दिसलं की तिकीट काढा. महिनाभर आधी अंदाजानं काढू नका. एका पावसाच्या दिवसानं सगळी पाळी सरकते.

तिकिटं

तिकिटाचा भाव दिवस, पाहुणा संघ आणि मागणी यांप्रमाणे बदलतो. एप्रिल-मेमधला थंड मंगळवार सगळ्यात स्वस्त. जुलैतला शनिवार आणि फटाक्यांची रात्र महाग. बॉबलहेड, म्हणजे डोकं हलणाऱ्या बाहुल्या, वाटणार असतील तेव्हा भाव तर चढतोच, शिवाय लवकर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, कारण बाहुल्या ठरावीक संख्येनंच असतात.

सगळी तिकिटं फोनवर, लीगच्या बॉलपार्क अ‍ॅपमध्ये येतात. घरूनच ती उघडून ठेवा, दारात हजारो लोकांच्या गर्दीत नेटवर्क रुसतं. पुनर्विक्रीच्या साइटवर सामना सुरू व्हायच्या तासभर आधी भाव घसरतात, विशेषतः आभाळ भरून आलेलं असलं की. मे 2025 पासून अमेरिकेत तिकिटाची किंमत सगळ्या शुल्कासह सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक आहे, त्यामुळे शेवटच्या पानावर भाव फुगण्याचा पूर्वीचा प्रकार राहिला नाही आणि दोन साइटींची तुलना सरळ करता येते.

वर्गणीचे पास पहिल्या वर्षी घेऊ नका. आपल्याला दुपार जमते की रात्र, एकटं आवडतं की चौघांत, हे आधी कळू द्या. दुसऱ्या वर्षी दोन-तीन कुटुंबांनी मिळून वीसेक सामन्यांचा पास घ्यायचा आणि तारखा वाटून घ्यायच्या, हे सगळ्यांत परवडतं. वाटणी मात्र एकत्र बसून करा. व्हॉट्सअ‍ॅपवर केलीत तर डॉजर्सच्या तारखेवरून मैत्री तुटेल.

कुठं बसायचं

पीएनसी पार्क 2001 साली उघडलं. 38,000 हून जास्त लोक बसतात, तरी मजले दोनच आहेत. सगळ्यात वरची खुर्चीसुद्धा मैदानापासून 88 फुटांवर. म्हणजे इथं वाईट जागा अशी जवळजवळ नाहीच, पण कामाप्रमाणे जागा वेगळी.

खेळ शिकायचा असेल तर वरच्या मजल्यावर, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, अगदी मागं. चेंडू आत आला की बाहेर गेला ते इथून दिसतं. त्याहून महत्त्वाचं, चेंडू पडायच्या आधी फील्डर दोन पावलं कुठं सरकले ते दिसतं. खालच्या महागड्या खुर्च्यांवरून हे कळत नाही.

शहर पाहायचं असेल, किंवा पुण्या-नाशिकहून आई-बाबा आले असतील, तर तिसऱ्या बेसच्या, म्हणजे होम प्लेटमागून पाहता डाव्या, बाजूला. समोर अ‍ॅलेगेनी नदी, पिवळा रोबर्टो क्लेमेंटे पूल, पलीकडे डाउनटाउनच्या इमारती. बहुतेक फोटो इथूनच काढलेले असतात. घरच्या संघाचा डगआऊटही याच बाजूला आहे. मात्र ही बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारच्या सामन्यात ऊन थेट तोंडावर येतं. जुलैतल्या दुपारी वडीलधाऱ्यांना तिथं बसवू नका. पहिल्या बेसच्या बाजूला वरच्या छपराखालच्या मागच्या रांगा घ्या. दृश्य हुकेल, पण डोकं दुखणार नाही.

उजव्या बाजूची भिंत 21 फूट उंच आहे, आणि ती मुद्दाम तेवढी बांधली आहे. क्लेमेंटे उजव्या मैदानात खेळायचा आणि त्याचा क्रमांक 21 होता. पोर्टो रिकोचा हा खेळाडू अठरा हंगाम पायरेट्सकडून खेळला. त्याचे हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, बरोबर 3,000. शेवटचा 30 सप्टेंबर 1972 ला. त्याच वर्षी 31 डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. पिट्सबर्गमध्ये त्याचं नाव कसं घेतात हे शेजारच्या खुर्चीतल्या साठीच्या माणसाला विचारा. पुढच्या दोन इनिंगची सोय झाली.

भिंतीच्या पलीकडे नदी. होम प्लेटपासून पाणी 443 फुटांवर, त्यामुळे एकाही टप्प्याशिवाय थेट नदीत पडलेले होम रन, म्हणजे भिंतीपार गेलेले फटके, सामन्यांमध्ये मोजकेच झालेत.

पहिल्या किंवा तिसऱ्या बेसजवळ खाली बसणार असाल तर फोन खिशात. जाळ्या आता सगळ्या मैदानांवर डगआऊटच्या पुढेपर्यंत आहेत, पण जाळी संपते तिथून पुढे फटकारलेला फाऊल चेंडू डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. लहान मुलं बरोबर असतील तर जाळीमागचीच जागा घ्या, यात काटकसर नको.

जायचं कसं, खायचं काय

गाडी मैदानाशेजारी लावायचा हट्ट सोडा. डाउनटाउनमध्ये लावा आणि क्लेमेंटे पुलावरून चालत या. सामन्याच्या दिवशी हा पूल वाहनांना बंद असतो आणि अख्ख्या पुलावर काळे-सोनेरी शर्ट घातलेली माणसं असतात. साऊथ हिल्समध्ये राहत असाल तर गाडी साऊथ हिल्स व्हिलेजच्या पार्किंगमध्ये ठेवून ‘टी’ ही लोकल पकडा, नॉर्थ साइड स्टेशनवर उतरा. डाउनटाउन ते नॉर्थ शोअर हा टप्पा फुकट आहे. 2012 पासून ही गाडी नदीखालच्या बोगद्यातून जाते. परतताना स्टेशनवर झुंबड उडते. त्यापेक्षा पूल ओलांडून डाउनटाउनमध्ये गाडी पकडलेली बरी.

खाण्याबाबत आपल्या लोकांना सुखद धक्का बसतो. पीएनसी पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेच्या बाटल्या आणि कॅन चालत नाहीत. पिशवीचं माप आणि पाण्याच्या बाटलीचा नियम संघाच्या साइटवर हंगामाच्या सुरुवातीला एकदा पाहून घ्या, तो अधूनमधून बदलतो. मांडीवर ठेवून एका हातानं खाता येईल असंच न्या: थालीपीठ, दशम्या आणि कोरडी चटणी, चिवडा. रस्सा, दही असलं काही नको. सातव्या इनिंगला सगळं स्टेडियम उठून उभं राहून गातं, तेव्हा डबा उलटतो.

विकतच्यात शाकाहाऱ्यांसाठी पिएरोगी आहे. पूर्व युरोपातून इथल्या पोलाद कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांबरोबर ती पिट्सबर्गला आली. आकार करंजीचा, आत सहसा बटाटा आणि चीज. काही ठिकाणी वर बेकन पेरतात, म्हणून विचारून घ्या. सामन्याच्या मध्यावर पिएरोगीचे मोठाले पोशाख घातलेली माणसं मैदानाच्या कडेनं शर्यत लावतात. हास्यास्पद प्रकार आहे, पण मुलांना तीच आठवते.

एप्रिलच्या रात्री नदीवरून येणारा वारा हाडांत शिरतो. थर्मल, टोपी, हातमोजे आणि बसायला घडी घातलेली चादर घ्या. खुर्च्या बर्फासारख्या गार असतात. मेअखेरपर्यंत जाकीट गाडीत असू द्या.

स्कोअरकार्ड: इथं खरा हंगाम सुरू होतो

आता महत्त्वाचा भाग. तुम्ही बाकी काही केलं नाही आणि एवढंच केलंत तरी चालेल: घरून कोरं स्कोअरकार्ड छापून न्या, पेन्सिल आणि खोडरबर न्या, आणि सामना हातानं लिहा. फोनवर सगळं आयतं मिळतं हे खरं. पण लिहायला लागलात की प्रत्येक चेंडू पाहावाच लागतो, आणि पंधराएक मिनिटांत खेळ उलगडायला लागतो.

प्रत्येक फील्डरला क्रमांक असतो, तो शर्टवरचा नव्हे, जागेचा. 1 पिचर, 2 कॅचर, 3 पहिला बेस, 4 दुसरा बेस, 5 तिसरा बेस, 6 शॉर्टस्टॉप, 7 डावं मैदान, 8 मधलं, 9 उजवं. नवखे इथंच अडखळतात: शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो, म्हणून त्याला 5 लिहून मोकळे होतात. तो 6. पहिले दोन सामने कागदाच्या कोपऱ्यात ही यादी लिहून ठेवा.

समजा पाहुण्यांची पहिली इनिंग चालू आहे. पहिल्या बॅटरनं शॉर्टस्टॉपकडे सरपटता चेंडू मारला, त्यानं उचलून पहिल्या बेसला फेकला, बॅटर आऊट. त्याच्या चौकोनात लिहा 6-3 आणि बाजूला गोल करून 1, म्हणजे पहिला आऊट. दुसऱ्या बॅटरनं चार चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे मारण्याजोग्या चेंडूच्या कल्पित चौकटीच्या, बाहेर म्हणून सोडले, त्याला चालत पहिला बेस मिळाला. लिहा ‘बीबी’, आणि चौकोनात बेस दाखवायला छापलेल्या हिऱ्याची उजवीकडची खालची बाजू गडद करा. तिसऱ्यानं पुन्हा शॉर्टस्टॉपकडेच मारला. शॉर्टस्टॉपनं चेंडू दुसऱ्या बेसला दिला, तिथला माणूस उडी मारून, धावणाऱ्याचे पाय चुकवून पहिल्या बेसला फेकतो. दोघेही आऊट. तिसऱ्याच्या चौकोनात 6-4-3 आणि ‘डीपी’, म्हणजे डबल प्ले. दुसऱ्याच्या हिऱ्यात दुसऱ्या बेसपाशी आडवी रेघ. इनिंग संपली. तीन माणसं, तीन आऊट, आणि रात्री घरी जाऊन कागद पाहिला तर सगळं जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं.

स्ट्राइकआऊट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर आऊट झाला, की इंग्रजी ‘के’ अक्षर. बॅट फिरवून हुकला तर सरळ ‘के’, नुसता पाहत उभा राहिला आणि पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला तर उलटा. झेल गेला तर ‘एफ’ आणि झेल घेणाऱ्याचा क्रमांक. चूक झाली तर ‘ई’ आणि करणाऱ्याचा क्रमांक. पायरेट्सचा सामना असेल तर हे अक्षर सुबक काढायची सवय ठेवा.

2023 पासून पिचरला वेळेचं बंधन आहे: बेस रिकामे असतील तर 15 सेकंदांत, कोणी बेसवर असेल तर (2024 पासून) 18 सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करावी लागते. पूर्वी तीन तासांच्या वर जाणारा सामना आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो. लिहिणाऱ्याला म्हणूनच मध्ये उसंत नसते. नाश्ता आणायला जायचं तर इनिंग बदलताना जा, आणि शेजाऱ्याला कागद देऊन जा. अनोळखी माणूससुद्धा आनंदानं लिहून ठेवतो.

2026 पासून स्ट्राइक-बॉलच्या, म्हणजे चेंडू चौकटीत होता की बाहेर या, निर्णयाला आव्हान देता येतं. क्रिकेटमधल्या डीआरएसची सवय असलेल्याला हे सांगावं लागत नाही, पण फरक लक्षात घ्या. आव्हान फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटर देऊ शकतो, तेही लगेच, टोपी किंवा हेल्मेटवर हात ठेवून. डगआऊटकडे पाहून सल्ला घ्यायची सोय नाही. संघाला दोन संधी, आव्हान बरोबर ठरलं तर संधी शाबूत. कुठला बॅटर उगाच हात वर करतो ते दोन-चार सामन्यांत तुमच्या लक्षात येईल.

शेजारी बोलके असतात. भारतातले आहात कळलं की बऱ्याचदा रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचा विषय निघतो. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू टीव्हीवरच्या एका वेगवान थ्रोच्या स्पर्धेतून निवडले गेले, आणि नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सनीच त्यांच्याशी करार केला. त्या स्पर्धेआधी त्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत, पण हा किस्सा पिट्सबर्गकर आपुलकीनं सांगतात. आपल्याला माहीत असलेला बरा.

पाऊस, आणि संघ बाहेरगावी असताना

पावसानं सामना थांबला की मैदानावर ताडपत्री पसरतात आणि तास-दीड तास वाट पाहतात. लगेच उठू नका. पाच इनिंग पूर्ण होण्याआधी सामना रद्द झाला तर तुमचं तिकीट सहसा बदली सामन्याला चालतं. पाच झाल्या की सामना अधिकृत आणि पैसे गेले. बरोबरी नावाचा प्रकार इथं नाही. नऊ इनिंगनंतर समान असेल तर दहावी, आणि तिची सुरुवात दुसऱ्या बेसवर एक धावपटू ठेवून होते.

संघ बाहेर असेल तेव्हा रेडिओ लावा. मेजर लीगच्या सामन्याचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण पिट्सबर्गहूनच झालं: 5 ऑगस्ट 1921, फोर्ब्स फील्ड हे पायरेट्सचं जुनं मैदान, केडीकेए केंद्र, पायरेट्स विरुद्ध फिलीज. पोळ्या लाटताना, गाडी चालवताना तीन-चार इनिंग कानावर पडल्या की घरच्या मुक्कामाला संघ परततो तेव्हा तुम्हाला कोण फॉर्मात आहे ते ठाऊक असतं.

उन्हाळ्यात एक शनिवार अल्टूनाला द्या. दीड-दोन तासांवर, पायरेट्सचा डबल-ए, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ ‘कर्व्ह’ तिथं खेळतो. तिकीट स्वस्त, खेळाडू हाताच्या अंतरावर, उजव्या मैदानामागे रोलर कोस्टर. दोन वर्षांनी पिट्सबर्गला दिसणारी पोरं तिथं आधी पाहायला मिळतात. जुनं स्कोअरकार्ड त्यासाठी जपून ठेवा.

दोन तारखा आणि मग ऑक्टोबर

15 एप्रिलला लीगमधले सगळे खेळाडू जॅकी रॉबिन्सनचा, म्हणजे आधुनिक मेजर लीगमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचा, 42 क्रमांक घालतात. स्कोअरकार्ड लिहिणाऱ्यांची त्या दिवशी तारांबळ उडते, म्हणून बॅटिंगचा क्रम आधी उतरवून घ्या. 15 सप्टेंबर हा रोबर्टो क्लेमेंटे दिवस. पायरेट्स घरी असतील तर ही संध्याकाळ सोडू नका. सप्टेंबरमध्ये संघ 26 ऐवजी 28 खेळाडू ठेवू शकतो, त्यामुळे खालच्या संघातले नवे चेहरे दिसतात. प्लेऑफची आशा मावळलेली असते, तिकिटं स्वस्त झालेली असतात, हवा सुरेख असते. चोखंदळ माणसानं आपल्या निवडीतले निदान तीन सामने या महिन्यात ठेवावेत.

हंगाम संपल्यावर एक तारीख उरते: 13 ऑक्टोबर. 1960 साली याच दिवशी वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात बिल मॅझरॉस्कीनं नवव्या इनिंगमध्ये होम रन मारून यांकीजना 10-9 असं हरवलं. सातव्या सामन्यात शेवटच्या फटक्यानं सिरीज जिंकून देणारा तो आजवरचा एकमेव होम रन. फोर्ब्स फील्ड केव्हाच पाडलं गेलं, पण त्याच्या विटांच्या भिंतीचा तुकडा ओकलंडमध्ये, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आवारालगत, उभा आहे. होम प्लेट शेजारच्या पॉझवार हॉलच्या जमिनीत काचेखाली बसवली आहे. दरवर्षी चाहते त्या भिंतीपाशी जमून जुनं रेडिओ समालोचन पहिल्या चेंडूपासून ऐकतात, आणि होम रन बरोबर 3:36 ला येईल असा मेळ घालतात. घडीची खुर्ची, जाकीट आणि कोरं स्कोअरकार्ड घेऊन दुपारी एकच्या आधी पोचा. लिहायला हा सामना जरा विचित्र आहे, कारण दोन्ही संघांचे मिळून 19 रन झाले तरी अख्ख्या सामन्यात एकही स्ट्राइकआऊट नाही. ‘के’ कुठंही काढावा लागत नाही, सरळही नाही आणि उलटाही नाही.